पंचवीसशे एकविसावी पणती

फार पूर्वी, तळ्याकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा म्हातारा कुंभार राहायचा. त्रिपुरी पुनवेला तळ्याच्या पायऱ्यांवर लावायच्या पणत्या त्याच्याच घरून जायच्या. किती? तर पंचवीसशे वीस. एक कमी नाही की एक जास्त नाही.

गावात आळ्या दहा. पण दर साली पणत्या न्यायला सगळ्याच यायच्या असं नाही. कुठे सुतक असायचं, कुठे रुसवा. कधी सहा आळ्या यायच्या, कधी नऊ. तरी पणत्या सारख्या वाटल्या जायच्या. सटवाजी लहान असताना त्याच्या बापानं अंगणात तेवढ्याच चिंचोक्यांचे ढीग घालून हे दाखवलं होतं. दोन वाटे कर, सात कर, दहा कर, मागे एकही उरत नाही. मग बाप हसून म्हणायचा, "आता यात एकच चिंचोका टाक. मग बघ, हा आकडा कुणाचंच ऐकत नाही." बापाची ती मातकट बोटं म्हाताऱ्याला अजून दिसायची.

त्या साली सटवाजीचे हात फार कापायला लागले, म्हणून पणत्या सुनेनं केल्या. तिचं पहिलंच वर्ष. एकावन्न, एकशे एक, असं शुभकार्याला वर एक ठेवायची तिच्या माहेरची रीत. तिनं मनोभावे एक पणती जास्त केली.

पुनवेच्या सकाळी सात आळ्या आल्या. प्रत्येकीला तीनशे साठ गेल्या आणि मधे एक पणती उरली. वरची आळी म्हणे आमची, खालची म्हणे आमची. बघता बघता आवाज चढले. कुणी तरी म्हणालं, "कुंभाराला मोजता येईनासं झालंय. पुढच्या साली शेजारगावातनं आणू." सुनेचा चेहरा उतरला.

"मामंजी, फोडून टाकू का?" तिनं हळूच विचारलं.

फोडली असती तर तंटा मिटला असता, बापाचा आकडाही जागेवर आला असता. सटवाजीनं पणती हातात घेतली. काठावर सुनेच्या अंगठ्याचा ठसा होता. त्याच्या पहिल्या पणत्यांवरही असाच ठसा राहायचा, आणि बाप तो कधी पुसायचा नाही.

"राहू दे पोरी," तो म्हणाला, आणि लोकांकडे वळला. "ही कुणा एकाची नाही. खालच्या पायरीवर ठेवा, आणि सातही आळ्यांनी हिच्यात आपापलं तेल घाला."

लोक कुरकुरले, पण म्हाताऱ्याचा शब्द कोण मोडणार? दिवे लागले. हळूहळू तेल संपलं तशा आळ्याआळ्यांच्या ओळी विझल्या. ती एक पणती मात्र तेवत राहिली. एका आळीचं तेल सरलं की दुसरी घालायची. सगळा गाव तिच्याभोवती बसला, आणि सकाळी भांडलेले वरच्या आणि खालच्या आळीतले दोघे एकाच घोंगडीवर जुन्या गोष्टी काढू लागले.

पुढच्या साली सुनेनं विचारलं, "मामंजी, पंचवीसशे वीसच ना?"

म्हाताऱ्यानं मातीचा गोळा तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "वर एक कर. गाव विचारील, ती कुठे."

तात्पर्य: जे वाटता येतं ते ज्याच्या त्याच्या वाट्याला जातं, जे वाटता येत नाही ते सगळ्यांनी मिळून सांभाळावं.