समुद्र शोधणाऱ्या राजकन्येची कथा शर्वाणीने कशी संपवली

एका राज्यात कंकाळ नावाच्या मांत्रिकाने राजा धैर्यकेतूला सिंहासनावरच दगड केले. धान्यकोठारांची दारेही दगडाची झाली. मांत्रिक म्हणाला, "या दरबारात बसून कुणी एक नवी कथा शेवटापर्यंत लिहील, तर शाप सुटेल. पण लिहिलेले अक्षर जो खोडील, तो दगड होईल."

मोठमोठे पंडित आले. प्रत्येकाला पहिलीच ओळ अप्रतिम हवी होती. ती खोडायला हात गेला, की पंडित थिजला. शर्वाणीचे वडील, राजकवी भवनाग, असेच थिजले. बाहेर लोक झाडपाला उकडून खात होते.

शर्वाणी दरबारात शिरली. वडिलांना पाहून तिला रडू यायला हवे होते. आला तो संताप.

"माणसे उपाशी मरताहेत, आणि तुम्ही एका शब्दासाठी अडलात, तात!"

तिने ताडपत्र ओढले आणि समुद्र शोधणाऱ्या राजकन्येची कथा लिहू लागली. मांत्रिकाची साळुंकी खांद्यावर येऊन बसली.

"पहिली ओळ बेढब आहे."

"असू दे."

"राजकन्येचा घोडा आधी पांढरा होता. आता काळा कसा?"

"चुकले. पुढे चल."

कथा समुद्राशी आली, तेव्हा साळुंकी भवनागांच्या आवाजात बोलली, "मुली, माझे नाव घालवू नकोस. एवढे पान तरी नीट कर."

शर्वाणीची लेखणी खोडायला मागे वळली. बोटांची टोके गार पडली, नखे दगडाची झाली.

"नाव?" ती कडाडली. "दाराशी लेकरे भुकेने रडताहेत आणि तुम्हाला नावाची पडली आहे?"

दगडी नखांनीच तिने लेखणी आवळली आणि लिहिले, 'राजकन्या पाण्यात उतरली. पाणी खारट होते. कथा संपली.'

साळुंकी राख होऊन झडली. डोंगरावर मांत्रिकाचा बुरूज कोसळला. पंडितांच्या पापण्या हलल्या. राजाने श्वास घेतला, ताडपत्रे मागवली, वाचली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कथेत चुका आहेत."

"पुष्कळ आहेत, महाराज."

भवनाग घाईघाईने पुढे झाले. "मी दुरुस्त करतो, महाराज. पहिली ओळ..."

शर्वाणीने ताडपत्रे राजाच्या हातून काढून घेतली आणि उराशी धरली.

"उद्या, तात. आज कोठारे उघडली आहेत. चला, धान्य वाटायला माणसे कमी पडताहेत."

राजा सिंहासनावरून उतरला आणि तिच्यामागून चालू लागला. त्या संध्याकाळी राज्यातल्या प्रत्येक घरात चूल पेटली.