शिमग्याचा राजा आणि शेवटचा हुकूम

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते मलाही नक्की सांगता येणार नाही, पण विचारलंत म्हणून मी रागावणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक नवी सून आली होती. तिला एक खोड होती. जे दिसेल त्याला ती 'का?' विचारायची. देवळाची पायरी तिरकी का? वेशीला दार एकच का? सासू वैतागून म्हणायची, "भाकरी गोल का, तेवढं विचारू नकोस बाई. पीठ मळू दे मला."

पण गावाची एक रीत अशी होती, की नवख्या माणसाने 'का?' विचारलंच असतं. दर शिमग्याला गाव एका दिवसाचा राजा करायचं. चावडीपुढे पालथं उखळ मांडून त्यावर राजाला बसवायचं आणि डोक्याला बेगड लावलेला लाल फेटा बांधायचा. राजा हुकूम सोडायचा, गावाने पाळायचे. "सावकार, गाढवाला रामराम घाला!" सावकार घालायचा. "सगळ्यांनी कान धरा!" सगळे धरायचे. हसून हसून लोकांची पोटं दुखायची. दिवस मावळला की राजा फेटा काढून ठेवायचा आणि मंडळी पुरणपोळीकडे पळायची.

त्या वर्षी राजा झाला गावच्या राखणदारांचा म्होरक्या. उंचपुरा, खणखणीत आवाजाचा, कामाचा माणूस. दिवस मावळला, पण त्याने फेटा काही काढला नाही.

"पलीकडच्या खोऱ्यात दरोडेखोर उतरलेत म्हणे," तो म्हणाला. "संकट टळेपर्यंत फेटा माझ्याकडे राहू द्या. गाव मी सांभाळतो."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाचं काय जात होतं? उलट बरंच झालं, असं बहुतेकांना वाटलं. शिवाय पोळ्या निवत होत्या.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, की अंधार पडल्यावर कुणी घराबाहेर पडू नये. ठीकच होतं. मग निघाला, की पाणवठ्यावर बायकांनी घोळक्याने बोलू नये. मग भजन बंद झालं, कारण टाळांच्या आवाजात चोरांची चाहूल लागत नाही. दरोडेखोर काही आले नाहीत. राजा म्हणाला, "आले नाहीत, ते माझ्यामुळे." आता यावर काय बोलणार?

आणि एका सकाळी दवंडी पिटली. "कुंभाराच्या भट्टीचा धूर बघून दरोडेखोरांना गावाची वाट कळते. उद्या घरटी एकाने कुदळ घेऊन यायचं आणि भट्टी पाडायची. कुंभाराने बायकापोरांसह शीव ओलांडायची."

सुनेच्या आणि कुंभारणीच्या परसाला कुंपण एकच. कुंभारीण कुंपणाशी येऊन रडू लागली. "माझ्या आजेसासऱ्यांपासून सगळे इथल्याच मातीत राबले गं. आता पोरं घेऊन कुठं जाऊ?"

सुनेलाही रडू आवरेना. पण रडता रडता तिला तिची जुनी खोड आठवली. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, हा खेळच होता ना? मग तो सुरू कुणी केला? आणि का?"

"रीत म्हणजे रीत," सासू म्हणाली. "तिला का नसतं."

सून देवळात गेली. गुरव डोकं खाजवत म्हणाला, "लहानपणी खेळाच्या शेवटी मी ढोल थांबवायचो, एवढं आठवतं. का थांबवायचो, कुणास ठाऊक."

म्हातारी तेलीण म्हणाली, "शेवटी सगळे मातीत बसायचे. माझं नवं परकर-पोलकं मळलं म्हणून आईने धपाटा घातला होता."

ही दोन उत्तरं घेऊन ती गावातल्या सगळ्यात जुन्या आजोबांकडे गेली. त्यांना दिसत नव्हतं. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी मान वर केली.

"तू विचारलंस म्हणून आठवलं," ते म्हणाले. "राजाचा शेवटचा हुकूम मोडायचा असे. हुकूम कोणताही असो. ढोल थांबायचा, हातातलं खाली ठेवायचं आणि राजा उतरेपर्यंत मातीत बसून राहायचं."

"पण का?"

"माझ्या पणजीच्या काळी एकाने खरोखरच गाव ताब्यात घेतलं होतं. दुष्काळ सरेपर्यंत, असं म्हणाला होता. पाऊस आला, पिकं आली, तो उतरला नाही. लोकांना नाही म्हणायचं होतं गं, पण सवय नव्हती. पहिलं कुणी म्हणायचं, कसं म्हणायचं, तेच कळेना. त्यात किती घरं उठली. तो मेल्यावर जाणत्यांनी ठरवलं, दर शिमग्याला नकाराची तालीम करायची."

"मग ती बंद का झाली?"

आजोबा ओशाळले. "उशीर व्हायचा. पोळ्या गार व्हायच्या. म्हणून शेवटचा भाग गाळला."

बघा म्हणजे! हसण्याचा भाग ठेवला आणि कामाचा गाळला. तेव्हापासून ते गाव दर शिमग्याला हुकूम पाळण्याचीच तालीम करत होतं.

पाणवठ्यावर बोलायची बंदी होती. म्हणून सून विरजण मागायच्या निमित्ताने घरोघरी फिरली आणि आजोबांची हकिकत सांगून, उद्या भट्टीपाशी मातीत बसू या, असं म्हणत गेली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दार लावून घेतलं. येतो, बसतो, असा शब्द मात्र एकानेही दिला नाही.

सकाळी सगळे कुदळी घेऊन भट्टीपाशी जमले. राजा उंचवट्यावर उभा राहिला. राखणदार काठ्या घेऊन बाजूला होते. कुंभारीण पोरांना पोटाशी धरून दारात बसली होती.

"पाडा!" राजा म्हणाला.

सून पुढे झाली. तिने कुदळ खाली ठेवली आणि ती मातीत बसली.

"ऊठ!" राजा गरजला.

सासूने तिचा पदर ओढला. "अगं ऊठ, मार खाशील!"

"आत्याबाई, मला फार भीती वाटतेय," सून म्हणाली. "पण मी उठत नाही."

सासूने तिच्याकडे पाहिलं. मग कुंभारणीच्या पोरांकडे पाहिलं. आणि कण्हत कण्हत तीही खाली बसली. "गुडघे धरलेत माझे," ती राजाला म्हणाली. "ते हुकमाने सुटत नाहीत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेलीण बसली. गुरव बसला. सावकाराने धोतर सावरलं आणि तोही बसला. कुदळी एकेक करून जमिनीवर टेकत गेल्या. एका राखणदाराची आई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "किती वेळ उभा राहशील रे? बस." त्याने काठीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि काठी टाकून दिली.

"उठा! माझा हुकूम आहे, उठा!" राजा ओरडला. पण तोही हुकूमच होता. कुणी उठलं नाही.

ऊन चढलं. सगळं गाव बसलेलं आणि बेगडी फेटा घातलेला एकच माणूस उभा. मघापर्यंत ज्याची धास्ती वाटत होती, त्याला बघून लहान पोरं हसू लागली. शेवटी त्याने फेटा काढून दगडावर ठेवला आणि तो खाली मान घालून घरी गेला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी मारलंही नाही. कुंभार गावातच राहिला.

मग लोक म्हणाले, "शेवटचा भाग पुन्हा सुरू करू या."

"सुरू कराल आणि पुन्हा विसराल," आजोबा म्हणाले. "आम्ही नाही विसरलो?"

तेव्हा सासू पुढे झाली. "मग असं करा. 'हे का करायचं?' असं एखाद्या पोराने विचारल्याशिवाय आणि त्याला सगळी हकिकत सांगितल्याशिवाय राजा करायचाच नाही."

पुढच्या शिमग्याला एका चिमुरडीने तसं विचारलं. गावाने तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आणि या वेळच्या राजानेही फेटा नाही काढला, तर?"

नवा राजा हसायचा थांबला. कुणी काही बोलण्याआधीच ती पोर मातीत फतकल मारून बसली होती.

तात्पर्य: हुकूम पाळणं आपोआप अंगवळणी पडतं, नकार मात्र आधीच्या पिढ्यांना विचारून शिकावा लागतो, आणि वेळ येण्याआधीच गिरवावा लागतो.