शिदू कुंभाराची वडगावची लढाई

एका तालुक्याच्या गावात शिदू नावाचा एक भोळा कुंभार होता. भोळा हे गावाचं मत. शिदूचं म्हणणं एवढंच, की मोठी माणसं सांगतात तसं आपण करतो.

त्याच गावात मोठ्या माणसांचं एक मंडळ होतं. इतिहासप्रेमी मंडळ. अकरा सभासद, सगळे पेन्शनीत निघालेले. नोकरीत साहेबापुढे मान वर केली नाही, ती आता टेबलापुढे करायचे. टेबल बारा फुटी. त्यावर भुश्शाचं रान, प्लास्टरचे डोंगर, निळ्या कागदाची नदी. बोटाएवढ्या शिपायांची दोन सैन्यं समोरासमोर मांडायची, फासे टाकायचे, पट्टीने मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढायची. आपण हरलेल्या लढाया सहसा घ्यायच्या नाहीत, असा ठराव होता.

अध्यक्ष होते आप्पासाहेब केंजळे, निवृत्त हेडमास्तर. शिदू तिथे झाडलोट करायचा, मोडलेल्या शिपायांचे हात चिकटवायचा आणि भिंतीला टेकून लढाई बघायचा. तीन वर्षं बघत होता. त्याला एकदा फासे टाकायचे होते. एक लढाई. अगदी लहानशी असली तरी चालली असती.

एक दिवस आप्पासाहेब म्हणाले, "शिदू, वडगावची लढाई मांडायची आहे. सन सतराशे एकोणऐंशी. इंग्रजाने आपल्यापुढे नाक घासलं ती. पण इंग्रज मिळत नाहीत. बाजारात दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आहेत, वाघ आहेत, गवळणी आहेत. त्या काळचा इंग्रज नाही. तू योग्य ती माणसं मिळवून दे, तुला एक लढाई देतो."

"दिसतो कसा जी इंग्रज?"

"लाल डगला. सोनेरी गोंडे. डोक्यावर टोपी. रांगेने चालतात, पुढे ढोलवाला. दिसले की घेऊन यायचं, मला विचारत बसायचं नाही."

शिदू गेला. दुपारी आला. मागे चौदा माणसं. लाल डगले, सोनेरी गोंडे, डोक्यावर टोप्या. रांगेने आले, पुढे ढोलवाला. दत्त ब्रास बँड, लग्न-मुंजीची ऑर्डर घेणारे. ढोलवाल्याने विचारलं, "नवरा कुठाय?"

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. "गाढवा, एवढी मोठी कशाला? दीड इंच हवीत, दीड इंच. दारात काही आलं की आधी पट्टी लाव. दीड इंचाच्या वर असेल ते आल्या पावली परत पाठव."

घरी बायकोने विचारलं, "मिळाली का लढाई?"

"न्हाई. अक्कल मिळाली. आधी पट्टी लावायची."

"बरं झालं," गौरा म्हणाली. "घरात ती न्हवतीच."

आप्पासाहेबांनी मग ठाण्याच्या घारपुरे वकिलांना पत्र घातलं. वकिलांना हाच नाद. त्यांच्याकडे विलायतेहून मागवलेले दोनशे इंग्रज होते. शिशाचे, त्याच सालचे, डगल्यावरची बटणंसुद्धा मोजून. बरीच आर्जवं केल्यावर वकिलांनी ट्रंक एसटीच्या पार्सलने पाठवली.

ट्रंक दारात आली. दारात शिदू होता. त्याने पट्टी लावली.

"सव्वीस इंच," शिदू म्हणाला. "न्हाई चालायची. घेऊन जावा."

ट्रंक ठाण्याला परत गेली. वकिलांचं पत्र आलं: माझे सैनिक तुम्हाला कमी वाटले असतील तर मी स्वतः घेऊन येतो, महिनाअखेरच्या रविवारी, आणि इंग्रजांच्या बाजूने मीच खेळतो. तुमच्याकडे निदान मराठे तरी त्या काळचे असतील अशी आशा आहे.

नव्हते. मंडळाचे मराठे दिवाळीतल्या किल्ल्यावरचे होते, शंभर वर्षं आधीचे. आतापर्यंत कुणाला काही वाटलं नव्हतं. आता ठाण्याचा माणूस हसणार म्हटल्यावर अकराजणांना इतिहासाची चाड आली.

"ट्रंक मोजतात का रे?" आप्पासाहेब शिदूवर ओरडले. "वरून बघून काय कळतं? आधी उघडायचं, आत काय आहे ते बघायचं, मग ठरवायचं. आता तूच मराठे घडव. दोनशे. पगडी त्या काळची, भाले त्या काळचे. नीट केलेस तर लढाई तुझी."

शिदूचा हात मात्र चांगला होता. मूर्ख माणसाचा हात चांगला असला की मोठी माणसं त्याला काम देतात, खुर्ची देत नाहीत. आठवडाभर तो चाकाकडे फिरकला नाही. एकेक स्वार बोटांनी घडवला. भट्टीतून निघाले तेव्हा घोड्यांच्या नाकपुड्यासुद्धा फुललेल्या. गौरा म्हणाली, "आता तर देतीलच."

शिदूने टोपली मंडळात नेली. आप्पासाहेबांनी फडकं उचललं. आत चारशे अर्धे मराठे.

"हे काय?"

"तपासले जी. एकूण एक उघडून बघितला. आत कुणाच्याच काही न्हाई. माती हाय."

आप्पासाहेबांनी फडकं पुन्हा टोपलीवर टाकलं. मंडळाबद्दल कुणी असं तोंडावर बोलायची त्यांना सवय नव्हती.

"शिदू," ते म्हणाले, "जुन्या आणि नाजूक वस्तूला असा हात लावत नाहीत. तिला कापसात गुंडाळायचं. काचेच्या कपाटात ठेवायचं. कुलूप लावायचं. कळलं? पुन्हा घडव."

घरी गौराने विचारलं, "मिळाली का लढाई?"

"न्हाई. अक्कल मिळाली. जुनं आणि नाजूक, कापसात."

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक होती. शिदू कपाटं पुसत होता. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत चिटणीस तात्या निगडे झोपले होते. वय ब्याऐंशी. वाऱ्याची झुळूक आली तर हलत होते. शिदूने त्यांच्याकडे बघितलं. मंडळात याहून जुनं काही नव्हतं, आणि याहून नाजूक तर नव्हतंच.

त्याने तात्यांना गादीच्या कापसात गुंडाळलं, अलगद उचललं, तलवारींच्या काचेच्या कपाटात खालच्या फळीवर बसवलं आणि कुलूप लावलं. तात्यांना ऊब लागली. ते झोपून राहिले.

बैठक झाली. दोन तास चालली. तीन ठराव एकमताने मंजूर झाले, त्यातला एक चिटणीसांच्या अभिनंदनाचा. चिटणीस कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही. शेवटी तात्यांना शिंक आली आणि कपाटाची काच वाजली.

तात्या बाहेर आले ते थेट घरी गेले. जाताना म्हणाले, "त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही." दाढीला कापूस होता.

त्यामुळे अडचण झाली. रविवारच्या लढाईत डावी फळी तात्यांची होती. ही फळी लढत नाही, माघार घेते. इंग्रज अंगावर आला की मागे सरायचं, पुन्हा मागे सरायचं. बाकीच्या सभासदांना आप्पासाहेबांनी एकेक करून विचारलं. कुणालाच माघार नको होती. सगळ्यांना सरदार व्हायचं होतं.

"शिदू," आप्पासाहेब नाइलाजाने म्हणाले, "डावी फळी तू घे."

शिदूला खरं वाटेना. "मी? फासे मीच टाकायचे?"

"तूच. पण एक लक्षात ठेव. आपल्या मनाचं काही करायचं नाही. जसं घडलं तसंच करायचं. कणभर इकडचं तिकडे नाही."

"आणि घडलं काय जी?"

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. शिकवायला लागले की ते डोळे मिटत. त्यामुळे चाळीस वर्षांत वर्गात काय चालतं, ते त्यांना कधी कळलं नव्हतं. "इंग्रज घाट चढून आला. आपण समोरून लढाई दिलीच नाही. वाटेवरची गावं रिकामी केली. दाणागोटा हलवला. चारा जाळला. विहिरी निकामी केल्या. त्याला प्यायला थेंब मिळू दिला नाही. मग चहूबाजूंनी घोडदळ उभं केलं. शेवटी आला शरण. केली तहावर सही."

त्या दिवशी शिदू पळत घरी गेला. "मिळाली," तो दारातूनच म्हणाला. गौराने त्याच्या सदऱ्याला इस्त्री करून आणली. शिदूने पुन्हा दोनशे मराठे घडवले आणि एकही उघडून बघितला नाही.

रविवारी घारपुरे वकील मोटारीने घाट चढून आले. ट्रंक घेऊन आत आले. इंग्रज मांडले, मराठे मांडले. शिदूचे मराठे बघून वकील म्हणाले, "उत्तम आहेत हो. कोणी केले?" आप्पासाहेब म्हणाले, "मंडळाने."

"आधी पाणी द्या," वकील म्हणाले. "ऊन फार आहे."

माठ पालथा होता. नळाला पाणी नव्हतं, गच्चीवरची टाकी कुणीतरी सोडून दिली होती. आप्पासाहेब स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यासाठी केलेल्या पुरणपोळ्यांची चळत नाही, कटाच्या आमटीचं पातेलं नाही, चहाची पूडसुद्धा नाही. खिडकीतून धूर आला. आवारातलं वाळलं गवत जळत होतं. बाहेर जावं म्हणून दार उघडलं, तर दारात गाढव. खिडकीत गाढव. मोटारीच्या पुढे दोन, मागे दोन. शिदूची अकरा गाढवं इमारतीला वेढा घालून उभी होती. त्याच्याकडे घोडदळ नव्हतं. होतं ते त्याने लावलं होतं.

शिदू इस्त्रीच्या सदऱ्यात टेबलाशी उभा होता. हातात फासे.

"शिदू, पुरणपोळ्या कुठायत?"

"हलवल्या जी. चार कोसांवर."

"अहो, निदान घोटभर पाणी," वकील म्हणाले.

"न्हाई जी. तुम्हाला मिळालं न्हवतं."

"अरे, हा खेळ आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय की. म्हणूनच नीट खेळतोय. तीन वर्षांनी मिळालाय."

एक वाजला. दोन वाजले. अकराच्या अकरा सभासद गेली कित्येक वर्षं या लढाईवर भाषणं करत होते, पण भूक लागल्यावर लढाई कशी दिसते ते त्यातल्या दहाजणांना आज दिसलं. दहा सरदारांपैकी एकानेही गाढव बाजूला सारायचा प्रयत्न केला नाही. अकरावे, तात्या, घरी जेवत होते. अडीच वाजता वकिलांचे ओठ सुकले.

"काय हवंय तुला?"

"तह."

वकिलांनी आमंत्रणपत्रिकेच्या मागे तह लिहिला. आपले दोनशे इंग्रज, ट्रंकेसकट, मंडळाच्या स्वाधीन करून आपण घाट उतरून परत जाऊ. खाली सही. शिदूने गाढवं बाजूला केली, त्यांच्या मागे लपवलेली कळशी आणली आणि वकिलांना पोटभर पाणी पाजलं.

आप्पासाहेबांनी पत्रिका वाचली. दोनदा वाचली. विलायती इंग्रज, बटणं मोजून, कायमचे मंडळाचे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शिदूच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. कणभर इकडचं तिकडे नाही."

शिदू इथेच थांबला असता. पण त्याला लढाई पुरी करायची होती, अर्धी टाकायची नव्हती.

"पुढं काय घडलं जी?"

जाणता माणूस गप्प बसला असता. आप्पासाहेब हेडमास्तर होते. त्यांनी डोळे मिटले.

"पुढे कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलने हा तह साफ धुडकावला."

शिदूने पत्रिका फाडली. ट्रंक वकिलांच्या मोटारीत नेऊन ठेवली.

"मग आपल्यात फाटाफूट. एकेकजण बाहेर पडत गेला."

शिदूने सभासदांना हाताला धरून एकेक करून बाहेर काढलं. ते निघालेच होते. भूक लागली होती.

"शेवटी अठराशे अठरा साली निशाण उतरलं. गादी गेली, शिक्का गेला, किल्ले गेले, सगळं राज्य इंग्रजाच्या हाती गेलं."

शिदूने भिंतीवरचं निशाण उतरवलं. अध्यक्षांच्या खुर्चीवरची गादी, मंडळाचा शिक्का, रजिस्टर आणि इमारतीची किल्ली वकिलांच्या पुढ्यात ठेवली. वकील म्हणाले, "लेखी देता?" शिदूने त्यांच्याकडूनच रजिस्टरात तसं लिहून घेतलं, खाली अंगठा उठवला आणि शेजारी शिक्का मारला. मग आप्पासाहेबांचा दंड हलकेच धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या. ते बोलतच उतरले. हा त्यांचा सगळ्यात आवडता धडा होता.

"आणि एकोणीसशे सत्तेचाळीस साली इंग्रज गेला," असं म्हणून आप्पासाहेबांनी डोळे उघडले. ते आवारात, जळक्या गवतात उभे होते. मागे वकिलांनी दाराला आतून कडी लावली.

त्यांनी दाराकडे बघितलं. शिदूकडे बघितलं.

शिदूने बोटांवर हिशेब घातला. दोनदा घातला, चूक नको म्हणून.

"काळजी करू नका, आप्पासाहेब," तो म्हणाला. "एकशे एकोणतीस वर्षं थांबायचं फक्त. मग त्ये जात्यात."