राजाच्या हातची तिसरी गोधडी

एका राज्यात एके वर्षी टाका टिकेनासा झाला. सुईत दोरा ओवावा, कापड शिवावे, आणि दिवस मावळायच्या आत शिवण आपोआप उसवावी. त्याचे असे झाले.

त्या राज्याचा राजा धारसेन. पुष्कळ वर्षांनी त्याला मुलगा झाला. बारशाला देशोदेशीचे पाहुणे आले. कुणी सोन्याचे वाळे आणले, कुणी मोत्यांचे टोपडे आणले. सर्वांच्या शेवटी कंथाधर नावाचा मांत्रिक आला आणि त्याने आपल्या हातांनी शिवलेली एक इवलीशी गोधडी राजापुढे धरली. तिच्यात नाना रंगांचे, नाना घरांतले तुकडे होते.

राजा म्हणाला, “माझ्या पुत्राच्या अंगावर चिंध्या?”

सभा हसली. राजाने तिथल्या तिथे गोधडीचा दोरा ओढून काढला आणि तुकडे फरशीवर विखुरले. मांत्रिकाने वाकून ते एकेक करून उचलले. मग तो म्हणाला, “राजा, जोडलेले तू उसवलेस. आजपासून तुझ्या राज्यात टाका टिकणार नाही. तुला तीन वेळा सुई धरता येईल. तेवढ्यात तुझ्या हातची एक गोधडी टिकली, तर शाप सरेल. शाप असताना चौथ्यांदा सुई धरलीस, तर बोटे लाकडाची होतील.”

एवढे बोलून तो निघून गेला. त्याला अडवायचे कुणाला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी राजपुत्राच्या टोपड्याचे मोती अंगणभर घरंगळले. मग पाण्याच्या चामडी पखाली गळू लागल्या, होड्यांची शिडे उसवली, वाटसरूंच्या वहाणा वाटेतच सुटल्या. थंडी पडली तशी घरोघरच्या गोधड्यांचे पदर सुटे झाले. म्हातारीकोतारी शेकोटीला चिकटून बसू लागली, आणि ज्यांची मुले खोकत होती ते लोक गाड्या जुंपून परराज्याची वाट धरू लागले. राणी कुमुदिनी बाळाला दिवसभर पदराखाली धरून बसे. राजाला ते पाहवेना.

राजाने कोठारातले नवे कोरे मखमलीचे आणि जरीचे ठाण काढले, तुकडे पाडले आणि सुई धरली. त्याला शिवणे माहीत नव्हते. दर टाक्याला तो मागे वळून पाही, मागचा टिकला की नाही. संध्याकाळी गोधडी पुरी झाली आणि दिवे लागायच्या आत सुटली.

दुसऱ्या खेपेला त्याने शिंप्यांना बोलावून स्वतः सुई न धरता, त्यांचे हात पाहून महिनाभर टाका शिकून घेतला. घरोघरच्या चिंध्या मागवल्या, प्रत्येक तुकडा दोरीने मापून चौकोनी कापला. ओळ इतकी सरळ आली, की प्रधान वाहवा म्हणाले. राजाने ती गोधडी सभेत टांगली. सभा उठायच्या आत तिचे तुकडे पाचोळ्यासारखे खाली आले.

आता एकच खेप उरली. राजाने सुई डबीत घातली, डबी कमरेला खोचली आणि तिला हात लावणे सोडून दिले.

राजवाड्याच्या मागे चंपाई राहत असे. तिने धारसेनाला अंगाखांद्यावर खेळवून वाढवले होते. राजा दुपारी तिच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. तिच्याजवळ चिंध्यांचे मोठे बोचके होते. टाका टिकत नसल्याने शिवता येत नव्हते, पण तुकडे शेजारी लावून पाहता येत होते. ती तुकडे जमिनीवर मांडी, आणि हा कुंभाराच्या लेकीच्या परकराचा, हा पहारेकऱ्याच्या जुन्या फेट्याचा, असे सांगत जाई. राजा आधी नुसता ऐके. मग तोही मांडू लागला. जांभळ्याशेजारी हळदी ठेवला की दोघेही उजळतात, हे त्याने प्रथमच पाहिले. विटका राखाडी तुकडा कुणालाच नको वाटे. तो डाळिंबी काठाजवळ सरकवला, तर तोच सर्वांत देखणा दिसू लागला. राजा आपल्याशीच हसला. चंपाईने ते पाहिले आणि बोचके त्याच्याकडे सरकवले.

ओसरीपुढे भोकराचे झाड होते. एके दुपारी त्यावरून एक पक्षीण ओसरीच्या कडेवर उतरली. ती शिंपीण होती, पाने शिवून घरटे करणारी.

ती म्हणाली, “राजा, माझ्या घरट्याचा टाकाही सुटतो आहे. सकाळपासून चोचीने पान धरून होते. आता चोच दमली. आत तीन अंडी आहेत.”

राजा उठला आणि झाडाजवळ गेला. पान उलगडत होते, अंडी कडेला आली होती. त्याने ती ओंजळीत घेतली. ती गार पडत चालली होती. ती त्याने चंपाईच्या पदरात दिली आणि डबी उघडली.

चंपाई म्हणाली, “राजा, ही शेवटची खेप. ती तुझ्या लेकासाठी ठेवली होतीस.”

“ठेवली होती,” राजा म्हणाला, “पण आता गारठतायत ती ही अंडी.”

त्याने तळहाताएवढी गोधडी मांडायला घेतली. फेट्याचा तुकडा, परकराचा तुकडा, मधे तो राखाडी. कडा वाकड्या होत्या, तशाच ठेवल्या. सुई खाली गेली, वर आली. आत घातलेला कापूस बोटांखाली फुगला आणि दबला. एक ओळ झाली की दुसरी कुठून न्यावी, असा विचार त्याच्या मनात येई, आणि त्या विचारात त्याला बरे वाटे. लाल दोरा संपला, त्याने निळा घेतला. निळा अधिक खुलला म्हणून चंपाईला दाखवला. ऊन ओसरीवरून अंगणात गेले, अंगणातून कुंपणावर. राजाला शाप आठवला नाही.

गाठ मारून त्याने गोधडीची खोळ केली, झाडाच्या बेचक्यात बांधली, आणि अंडी आत ठेवली. शिंपीण आत शिरून बसली. तेव्हा कुठे राजाला दिवसाचे भान आले. तो टाक्यांवर नजर लावून झाडाखाली उभा राहिला. दिवस मावळला. चंपाईने दिवा आणून वर धरला. टाका जागच्या जागी होता.

“टिकला,” चंपाई म्हणाली. राजा पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या घटकेपासून राज्यातली शिवण पुन्हा धरू लागली. पखाली भरल्या, शिडे चढली, परराज्याच्या वाटेवरच्या गाड्या माघारी वळल्या. राजा कंथाधराला शोधत स्वतः गेला. तो एका दूरच्या वस्तीत सापडला. राजाने सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. मांत्रिकाने त्याची बोटे हातात घेऊन सुईचे व्रण पाहिले आणि त्याला जेवायला बसवले.

पुढे राजपुत्र रांगू लागला. दुपारी दरबार उठला की राजा चिंध्या घेऊन बसे. एकदा राणीही येऊन शेजारी टेकली. तिने एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि विचारले, “ही कोणासाठी?”

“अजून कोणासाठीच नाही,” राजा म्हणाला. “शिवावीशी वाटली.”

राणीने हातातला तुकडा त्याच्या मांडलेल्या ओळीत ठेवला, जरा तिरका केला, आणि आपल्यासाठी दुसरी सुई मागितली.