छपरावरची पायवाट

घाटपायथ्याच्या एका गावात एकदा एक मठ होता आणि त्या मठाच्या माळ्यावर साऱ्या गावाचे बियाणे राहत असे. सुगी झाली की लोक निवडक भात पेंढ्याच्या मुड्यांत बांधून तेथे आणून ठेवत. ते थेट पेरणीलाच खाली उतरे. मठाचे छप्पर साध्या नळीच्या कौलांचे, पण गावात त्याच्याइतके भरवशाचे दुसरे नाही, अशी सर्वांची श्रद्धा होती.

मठाच्या वृद्ध बुवांनी या छपराची देखभाल मुकुंद नावाच्या शिष्यावर सोपवली होती. मुकुंद कामाला वाघ! वारा सुटला की चढ वर, पाऊस उघडला की चढ वर. एक कौल सरळ कर, दुसरे दाबून बघ, तिसऱ्यावरचे शेवाळ खरवड. खालून जाणाऱ्या बाया म्हणत, "काय बाई काळजी या पोराला!" आणि खोटे कशाला बोला, ते ऐकून मुकुंद सुखावत असे.

तरीही एका वैशाखात वळवाची जोरदार सर आली आणि माळ्यावरचे कितीतरी मुडे भिजले. भाताला अवेळी मोड आले. ऐन पेरणीच्या तोंडावर लोकांना उसन्या बियाण्यासाठी गावोगाव हिंडावे लागले. मुकुंदाने कौलांवर उड्या मारणाऱ्या माकडांना बोल लावला. पाटलीणकाकू मात्र मठात येऊन स्पष्टच म्हणाल्या, "बुवा, रागावू नका. पण पुढल्या साली असंच झालं, तर आमचे मुडे आम्ही घरीच ठेवू." मुकुंदाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग काय विचारता! पावसाळा लागला आणि जेव्हा पाहावे तेव्हा स्वारी छपरावर. गळती थांबायचे सोडून वाढतच चालली. एके सकाळी तो शिडी आणायला गेला, तर शिडी जागेवर नाही. बुवांनी तिच्या दोऱ्या सोडून बांबू चक्क गोठ्याच्या कुडाला बांधून टाकले होते.

"बुवा, हे काय केलंत? छप्पर गळतंय आणि तुम्ही शिडी मोडलीत?"

"मोडली," बुवा शांतपणे म्हणाले. "हा चुना घे आणि माळ्यावर जाऊन बस. थेंब पडतो तिथे बघू नकोस. तो वाशावरून कुठून ओघळत आला, ते वर वर शोधत जा. जिथून आत शिरला, तिथे चुन्याचं बोट लाव."

मुकुंद चडफडत माळ्यावर बसला. म्हातारपणी बुवांची बुद्धी फिरली की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण आज्ञा ती आज्ञा. पाऊस पडत राहिला आणि तो बोटे लावत राहिला. पावसाळा सरत आला, तेव्हा एका दुपारी माळ्याच्या दारात उभे राहून त्याने सारे छप्पर आतून एकदम पाहिले. ठिपके इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. शिडी टेकायची त्या कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत त्यांची एक पायवाट गेली होती. वर बसून तो गावाकडे पाहत असे, तेथे तर ठिपक्यांची नुसती दाटी झाली होती.

तो तसाच बुवांपुढे येऊन उभा राहिला. "माकडं नव्हेत, बुवा. मीच. लोकांचं बियाणं मी भिजवलं."

बुवांनी त्याला जवळ बसवले. "तुझी तळमळ खरी आहे, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण ओल्या कौलावर माणसाचा भार पडला की केसासारखी चीर जाते. ती आपल्याला दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर सापडते. मलाही आधी नुसता संशय होता. शिडी काढली, गळती वाढायची थांबली, तेव्हा खात्री पटली. अरे, पावसाळ्यात पाणीच आपली वाट दाखवतं, ती खाली बसून बघावी. थंडीत वाशांवर वाळवी दिसू लागते, तेव्हा लाकूड ठोकून पाहावं. आणि वर चढायचं ते उन्हाळ्यात, कौलं खडखडीत वाळल्यावर, फळी टाकून, एकदाच! तू मात्र बारा महिने चढलास, कारण वर चढलं की तुझ्या जिवाला बरं वाटे. छपराला काय वाटत होतं, ते कोण विचारणार?"

सुगी झाली. लोकांनी जरा का-कू करतच मुडे आणून ठेवले. फाल्गुनात मुकुंद शिडी पुन्हा बांधून, फळी टाकून वर गेला, चुन्याच्या खुणांवरची कौले बदलून, बाकीची नीट बसवून खाली उतरला. त्यानंतर त्याने छपराला पाय लावला नाही.

वैशाखात पुन्हा वळीव कोसळला. वाऱ्याने झाडे पिळवटून निघाली. पाटलीणकाकू भिजतच मठात धावत आल्या. पाहतात तो मुकुंद माळ्याच्या दारात बसलेला. "अरे, बसलास काय असा? वर चढ की!"

"नाही चढणार, काकू," मुकुंद म्हणाला. "तुम्ही आत या आणि हात लावून बघा."

काकूंनी एकेक मुडा चाचपला. वरचा, खालचा, कोपऱ्यातला. पेंढा हाताखाली कुरकुरत होता. त्या मटकन एका मुड्यावर बसल्या आणि हसू लागल्या. "चढला नाहीस तेच बरं केलंस रे बाबा! आता माझ्या सुनेच्या माहेरचं बियाणंही इथेच आणते."

लेकरू असो, शिष्य असो वा घर असो. ज्याची काळजी वाहायची, त्याच्या डोक्यावर सतत उभे राहू नये.