दहा हात दोर

हिंगणगडच्या शाळेला मानाजीराजाने कुलूप ठोकलं आणि वर एक अट घातली. म्हणे, बाजाराच्या दिवसापर्यंत कुणीही यावं आणि माझ्या राज्याबद्दल मला उत्तर येणार नाही असा एक प्रश्न विचारावा. तसा प्रश्न निघाला तर कुलूप काढीन. नाही निघाला तर शाळा कायमची बंद आणि पंतोजी वेशीबाहेर. मेख पुढेच होती. राजाचं उत्तर चुकलं असं जो म्हणेल, त्याची गाढवावरून धिंड! म्हणजे राजाने तोंडाला येईल ते ठोकून द्यावं आणि लोकांनी माना डोलवाव्यात.

एवढं चिडायला झालं काय, तर पंतोजी पोरांना गावकी, म्हणजे गावचा कारभार, शिकवत होते. चौकातल्या विहिरीचं पाणी खाली का गेलं, एवढाच प्रश्न त्यांनी घातला आणि उत्तर न सांगता पोरांनाच शोधायला धाडलं. पोरांनी महिनाभर रोज दोर सोडून पाणी मोजलं. म्हाताऱ्यांना विचारलं, पाणक्यांना विचारलं. राजाच्या गुलाबबागेतल्या विहिरीवर दिवसभर पाच मोटा चालतात, तेही बघून आली. अमावास्येला बैलांना सुटी, मोटा बंद, आणि दुसऱ्या सकाळी चौकातलं पाणी हातभर वर! हे सगळं कागदावर लिहून पोरं वाड्यावर गेली. शहाणा राजा असता तर पाठ थोपटली असती. ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पोरांनी माझ्या पूर्वजांची नावं पाठ करावीत," तो गरजला. "आज मोटा मोजतात, उद्या माझी अक्कल मोजतील."

त्याला काही महिना लागला नसता, पण ते असो.

शाळेच्या भिंतीला भिंत लावून ठकूबाई राहायची. अंबाडीचे दोर वळून ती अख्ख्या गावाला पुरवायची. पोरांनी पाणी मोजलं तेही तिच्याच दोराने, आणि दोराचं टोक धरायला तिची सालू होती. ठकूच्या घरात अक्षर गिरवणारी ही पहिलीच. शाळा गेली की पोरगी पुन्हा अंबाडी सोलायला बसणार, हे ठकूला स्वच्छ दिसत होतं. पंतोजींनी तर बोचकं बांधायला घेतलं होतं. ते तिने सोडायला लावलं.

तोवर मोठमोठे विद्वान दरबारात जाऊन तोंडघशी पडून आले होते. एकाने विचारलं, महाराजांच्या घोड्याच्या शेपटीत केस किती? राजा म्हणाला, अठरा हजार तीनशे दोन. आता मोजून गाढवावर कोण बसणार? दुसऱ्याने गडाच्या दगडांचा आकडा विचारला, तोही राजाने बसल्या जागी फेकला. दरबारी तर अशा माना हलवत होते की नंदीबैलाने त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

बाजाराच्या आदल्या दिवशी ठकू दरबारात उभी राहिली.

"महाराज, चौकातल्या विहिरीला दोर किती लागतो?"

"दहा हात," राजा मिशीवर ताव देत म्हणाला. "माझ्या आजोबांनी खणली ती. दहा हातांवर पाणी, असं तिथल्या शिळेवर कोरलंय. चुकलं म्हणायचंय का तुला?"

"छे हो! चुकले मी. दोन वर्षं गावाला बावीस हातांचे दोर वळून देतेय. केवढी अंबाडी फुकट गेली! शिक्क्याचा हुकूम द्या महाराज, उद्या पहाटे चौकातले सगळे दोर दहा हातांवर कापते. पहिला मान अर्थात वाड्याच्या दोराचा."

कारभाऱ्याला घाम फुटला. बागेतल्या विहिरीचं पाणी गुलाबांनाच जायचं, वाड्याचं पिण्या-न्हाण्याचं सगळं पाणी ह्याच विहिरीतून यायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याला गाढव आठवलं आणि त्याने शाई पुढे सरकवली. राजाने खुशीत शिक्का उमटवला.

त्या सांजेला ठकूने गल्लोगल्ली फिरून बायांच्या कानात सांगितलं, हंडे, घागरी, असेल नसेल ते भांडं भरून ठेवा. वाड्यावर मात्र काही कळवलं नाही. हुकूम त्यांचाच होता, त्यांना काय सांगायचं?

सकाळी राजा न्हायला बसला. अंगाला उटणं, डोक्याला शिकेकाई, आणि घंगाळं कोरडं. पाणक्या हात जोडून म्हणाला, दोर पुरत नाही. राजा एक डोळा मिटून, पंचा सावरत तरातरा चौकात आला. ऐन बाजार भरलेला. राजाने स्वतः घागर सोडली. दहा हातांवर दोर संपला आणि घागर अधांतरी झुलत राहिली. लोकांनी हसू आवरायला पदर, उपरणी तोंडात कोंबली.

"कोण चुकलं?" राजा ओरडला.

"पाणी चुकलं, महाराज," ठकू म्हणाली. "दहा हातांचा हुकूम असून खाली जाऊन बसलंय. त्याला गाढवावर बसवायलाच हवं. पण बाहेर काढायला दोर पुरत नाही."

राजाच्या दुसऱ्या डोळ्यातही शिकेकाई गेली.

"अगं बाई, मग पाणी आहे तरी किती हातांवर?"

ठकूने हात जोडले. "हाच तो प्रश्न, महाराज. राज्य आपलं, विचारताय आपण, आणि उत्तर आपल्याला येत नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही चटकन सांगितलंत. आता उत्तर हवंय ना, ते ठाऊक असलेली पोरं शाळेच्या कुलपापुढे उभी आहेत."

राजाने आधी घागरीकडे बघितलं, मग स्वतःच्या पंच्याकडे, आणि विहिरीच्या कठड्याला धरून असा हसत सुटला की शिकेकाईचा फेस चौकभर उडाला. कुलूप तिथल्या तिथे निघालं. ठकूला जरीकाठी लुगडं आणि वाड्याच्या दोरांचं काम जन्मभरासाठी मिळालं.

"लुगडं घेते," ठकू म्हणाली. "पण गुलाबांच्या तीन मोटा बंद करा. मग दोर आपोआप आखूड लागेल, आणि माझे हातही जरा सुटतील."

राजा पुन्हा हसला आणि त्याने कारभाऱ्याला तीन मोटांचे बैल तिथूनच सोडायला पाठवलं. मग सगळा दरबारही खो खो हसला. अर्थात, आधी राजाच्या तोंडाकडे बघून.