राखणदाराची करवंटी

एकदा एक वृद्ध साधू घाटाच्या पायथ्याशी मठी बांधून राहिला होता. वैशाखात वाटसरूंसाठी त्याची पाणपोई लागे. एका वर्षी तो तीर्थाला निघाला आणि पाणपोई त्याने तरुण शिष्याच्या हाती सोपवली. गुरं-माकडांनी रांजणांना तोंड लावू नये म्हणून कुणा व्यापाऱ्याने मठीला कुत्रा दिला होता. कुत्रा कसला, वासरूच ते. नाव ढाण्या. शिष्याने त्याला रांजणांपाशी साखळीने बांधला.

मठीत पूर्वी एक टीचभर कुत्री होती. तिच्यापुढे सकाळी करवंटीभर पाणी ठेवायची रीत होती. शिष्याने ढाण्यापुढेही तीच करवंटी ठेवली. रीत म्हणजे रीत.

वाटसरू गार पाणी पीत, तोंडभर आशीर्वाद देत. एक म्हातारी म्हणाली, "लेका, तुझ्या कुत्र्याची जीभ बघ, पार मातीला टेकलीय."

"उन्हाचं चालायचंच, आजी. पण गुणी आहे हो. कधी मागत नाही."

साधू परतला तेव्हा ढाण्या उठला नाही. साधूने त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. हिरड्या सुकून चिकट झालेल्या. त्याने ओलं फडकं अंगावर घातलं, ओंजळीने थोडं थोडं पाणी पाजलं. घोटभर गेलं, बाकीचं ओठांतून ओघळलं. दिवस कलायच्या आत ढाण्या गेला.

दुसऱ्या सकाळी साधूने ती करवंटी भरली, तेवढंच पाणी पिऊन पालथी घातली आणि ढाण्याच्या जागी उन्हात जाऊन बसला. दुपारी त्याचे ओठ फुटले, तसा शिष्य तांब्या घेऊन धावला.

"महाराज, पाणी घ्या. का छळता जिवाला?"

"मी मागितलं का?"

शिष्याने तांब्या खाली ठेवला.

साधू म्हणाला, "वाटसरूला पाय आहेत. इथे नाही तर पुढच्या विहिरीवर पिईल. याच्या गळ्यात साखळी तू घातलीस, तेव्हाच त्याची तहान तुझी झाली. एवढा थोरला देह, त्याला पाणीही तेवढंच लागणार. तू देह पाहिला नाहीस, रीत पाहिलीस. आणि मागणार तरी कुणापाशी? तुला आशीर्वाद घेण्यातून सवड कुठे होती?"

त्या दिवसापासून शिष्य रांजणांच्या आधी एक मोठं घमेलं भरून रिकाम्या खुंट्यापाशी ठेवू लागला. कावळे चोच बुडवून जात, उरलेलं उन्हात आटे.

"मुक्या जिवांचीही काळजी," वाटसरू म्हणत, "पुण्यवान आहेस, बाबा."

शिष्य मान खाली घालून घमेलं पुन्हा भरी.